आळीचं सोनं

आमच्या आळीत कोणालाही विचारा, उत्तर एकच मिळेल. पुंडलिकच्या हेमालीला विद्यापीठाने घेतलं नाही, कारण हेमालीनेच माती खाल्ली. पोरगी हुशार, पण ऐन वेळी कच खाल्ली. पाहुणे आले, पोटभर जेवले, खूश होऊन गेले, आळीने तर काही म्हणजे काही कमी केलं नाही, मग दोष कोणाचा? पोरीचा! माझी सुलूमावशी अजूनही मला रस्त्यात बघितलं की च् च् करते. हेमाली म्हणजे मीच. इतके महिने मी कोणाला काही बोलले नाही. आज बोलते, कारण आता डोक्यावरून पाणी गेलंय.

पुण्याकडे एक मोठं खाजगी विद्यापीठ आहे. तिथली फी ऐकली की आमच्याकडचा माणूस मटकन खाली बसतो. पण दरवर्षी ते बारावी झालेली मोजकी मुलं निवडतात, 'गुणवंत स्कॉलर' म्हणतात त्यांना. त्यांचं शिक्षण, हॉस्टेल, जेवणखाण, लॅपटॉप, सगळं विद्यापीठ करतं. मला तिथे गणित करायचं होतं. नुसतं गणित. बोईसरच्या ज्युनियर कॉलेजात आमचे सर फळ्यावर अर्ध्यात थांबायचे आणि म्हणायचे, "पुढचं परीक्षेला येत नाही." आणि मला नेमकं ते परीक्षेला न येणारंच पाहिजे असायचं. तिथल्या मुलांना ते मिळतं, असं मी वाचलं होतं. त्यासाठी मी जीव टाकत होते.

परीक्षा झाली, त्यात नाव लागलं. निबंध झाला, त्यात लागलं. मग ऑनलाइन इंटरव्ह्यू. तो मी मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात बसून दिला, कारण आमच्या घरात नेटवर्क म्हणजे आनंदीआनंद. बाहेर बर्फ फोडायचा आवाज चालू, आत मी. समोरच्या सरांनी एक गणित घातलं, मी सोडवलं, त्यांनी त्याच्यात खोड काढली, मी त्या खोडीत खोड काढली, असं करता करता सर वेळच विसरले. शेवटी हसून म्हणाले, "या, इथे आलात की पुढचं बोलू." मी त्या दिवशी किनाऱ्याने घरी गेले ती पळतच.

राहिला शेवटचा टप्पा, होम व्हिजिट. या कार्यक्रमाची अट अशी की मूल हुशारही पाहिजे आणि घरची परिस्थिती बेताचीही पाहिजे. उत्पन्नाचा दाखला आम्ही जोडलेलाच होता. पण दाखला काय, कोणीही आणतं, म्हणून ते स्वतः येऊन घर बघतात.

माझ्याबरोबर माझी बाकावरची मैत्रीण प्रियदर्शिनीही इथवर पोचली होती. तिचे वडील बोईसरच्या एका कारखान्यात सुपरवायझर. माणसं मूळची यवतमाळकडची, खूप वर्षांपूर्वी इथे आली. आधी चाळीतल्या एका खोलीत राहायची, आता स्वतःचा फ्लॅट आहे, गाडी आहे, हॉलमध्ये माशांची काचेची पेटी आहे. ती पेटी बघून माझी आई पोट धरधरून हसली होती. "मासे पाळतात नि खात नाय?" असं म्हणाली होती.

प्रियदर्शिनी मला म्हणाली, "हेमा, घर साधं ठेव हां. काही करत बसू नका. आमच्या पप्पांनी सगळी माहिती काढलीये."

तेच मी घरी येऊन सांगितलं. आई भाकऱ्या थापत होती. माझी आई चंद्रकांता, बोईसरच्या बाजारात मासळीची पाटी घेऊन बसते. तिच्याशी घासाघीस करून जिंकलेलं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचंय.

"आई, ते घर बघायला येणार आहेत. जसं आहे तसंच ठेव."

तिचा हात थांबला. "घर बघायला येतात? कोन कोन?"

"एक मॅडम आणि एक सर."

"नि जसं हाय तसं ठेवू? पोपडे आलेली भिंत, बसायला चटई? येडी का खुळी तू?"

"आई, त्यांना गरजू मुलं पाहिजेत."

"त्यांना हुशार पोरं पायजेत, तूच बोललीस. परीक्षा घेतली ती काय गरजेची घेतली?" भाकरी तव्यावर टाकून ती माझ्याकडे वळली. "बाय, चार वरसं तू त्यांच्या घरी खानार-पिनार. ज्यांच्या घरी पोरगी धाडायची त्यांना कळायला नको, आपन कोन? उद्या तिकडं कोनी बोललं, ही कुठली भुकेकंगाल उचलून आनली, तर काय करशील? मान खाली घालशील. मी नाय घालू देनार."

मी डोकं आपटून घ्यायची बाकी राहिले. विद्यापीठ आहे, सासर नाही, हे मी तिला तीनतीनदा सांगितलं. ती "हो हो" म्हणाली. आईचं "हो हो" म्हणजे काय ते बाजारातल्या बायकांना विचारा.

एक गोष्ट आई कधी सांगत नाही, सुलूमावशी सांगते. सुलूमावशी आईची धाकटी बहीण, आमच्याच आळीत दिलेली. आईला बघायला पहिलं स्थळ केळव्याहून आलं होतं. नारळीची वाडी असलेली माणसं. ती आली, दारातून आत बघितलं, भिंती बघितल्या, बसायला टाकलेलं गोणपाट बघितलं, आणि भरलेला पाण्याचा तांब्या तसाच ठेवून निघून गेली. पाणीसुद्धा प्यायली नाहीत. आई तेव्हा माझ्याएवढी होती, आतल्या खोलीत नवं लुगडं नेसून बसलेली.

आणि आमच्या आळीत एक रीत आहे. कोणाच्या पोरीला बघायला येणार असले की आळीतलं सोनं त्या घरी जातं. ज्या बाईकडे जे असेल ते ती काढून देते. साखरबाईचा पोहेहार, मंजुळाकाकूंच्या पाटल्या, कोणाची मोहनमाळ, कोणाचे कानातले वेल. सगळं पोरीच्या आईच्या अंगावर चढतं. पाहुणे गेले की ज्याचं त्याला परत. कोणी लिहून ठेवत नाही, कोणी मागे लागत नाही. पाहुण्यांना दिसते ती एका घराची ऐपत नसते, सगळ्या आळीची असते, आणि पाहुण्यांनाही ते मनात ठाऊक असतं, कारण त्यांच्या गावातही हेच चालतं. मुंबई-पुण्याच्या माणसांना हे ठाऊक नसतं. एवढंच.

व्हिजिटच्या दिवशी मला बोईसरला बोलावलं होतं. आधी प्रियदर्शिनीकडे, मग तिथून त्यांच्याच गाडीत बसून आमच्या गावाची वाट दाखवायची. प्रियदर्शिनीने पत्ता पाठवला तो फ्लॅटचा नव्हता, चाळीतल्या जुन्या खोलीचा. ती खोली त्यांनी केव्हाच उत्तर प्रदेशच्या दोन कामगारांना भाड्याने दिलेली. ते दोघे बाहेर नळाच्या कट्ट्यावर बसले होते. मला बघून एक म्हणाला, "दीदी, ये लोग कब जाएँगे? ड्यूटी का टाइम हो रहा है, डब्बा अंदर रह गया."

आत प्रियदर्शिनी एका पत्र्याच्या ट्रंकेवर पुस्तक ठेवून वाचत बसलेली. तिची आई विटक्या साडीत, हातात नुसत्या काचेच्या बांगड्या. वडिलांनी कारखान्याचा कुठला तरी जुना, कॉलर फाटलेला युनिफॉर्म घातलेला. अर्चना मॅडम म्हणून समितीच्या बाई, पन्नाशीच्या, खादीचा कुर्ता, बोलायला अगदी गोड. त्यांनी विचारलं, "इथे किती जण राहता?"

"चौघं, मॅडम," वडिलांनी हात जोडले. "जमवतो कसंबसं."

दोरीवर दोन लुंग्या वाळत होत्या. भिंतीवर भोजपुरी नटीचं कॅलेंडर. मॅडमनी डोळे टिपले. त्यांच्याबरोबरचा तरुण, भाग्येश सर, टॅबवर टकाटक लिहीत होता. मी दारात उभी राहून प्रियदर्शिनीकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं नाही. बोलावंसं वाटलं का? वाटलं. पण दुसऱ्याच्या संसारात काडी टाकायची मला सवय नाही. आणि मला वाटलं, जागा काही एकच नाही, तिलाही मिळो, मलाही मिळो.

गाडीत बसल्यावर मॅडम म्हणाल्या, "किती कठीण परिस्थितीत शिकतात गं मुलं." मी मान हलवली आणि गुपचूप घरी फोन लावला. सुलूमावशीने उचलला.

"आई कुठंय?"

"न्हातेय. तू काय काळजी करू नको, आमी सगळ्या हाय इथं."

त्या सगळ्या तिथे आहेत म्हणजे काय, हे मला ताबडतोब कळलं. मी हळू आवाजात म्हटलं, "मावशी, सोनं घालू देऊ नको तिला." मावशी हसली, म्हणाली, "लाजते बघ कशी," आणि फोन ठेवला.

गाडी आळीच्या तोंडाशी थांबली. वलांडीवर, म्हणजे बांबू बांधून दोऱ्या ताणलेल्या असतात त्यावर, शेवटचे बोंबील वाळत होते. खाली रांगोळी. आमच्या दारापर्यंत दोन्ही बाजूंना बायका उभ्या. आणि दारात आई.

हिरवी रेशमी साडी. गळ्यात साखरबाईचा पोहेहार, त्यावर मोहनमाळ, त्यावर आणखी एक काहीतरी जे मी कधी बघितलंही नव्हतं. हातात पाटल्या, कानात वेल, केसांत अबोलीचा गजरा. आईचं स्वतःचं म्हणजे मंगळसूत्रातल्या दोन वाट्या आणि एक चमकी, बस. पण खरं सांगते, ती इतकी सुंदर दिसत होती की क्षणभर मला रडू आलं. आणि पुढच्याच क्षणाला तिचा असा राग आला की वाटलं, इथूनच पळत सुटावं आणि खाडीत उडी टाकावी.

तिने मॅडमना ओवाळलं. मॅडम भारावल्या. आत गेलो तर आमचं घर मलाच ओळखू येईना. मंजुळाकाकूंचा लाल सोफा भिंतीला. खिडकीला पडदे. भिंतीवर हा एवढा टीव्ही. शेजारचा मेहुल कारखान्यात कामाला आहे, त्याने आपला टीव्ही आणून आमच्या खिळ्याला टांगला होता. वायर मागे दोरीने बांधलेली, कारण आमच्या त्या भिंतीला प्लगच नाही. भाग्येश सरांनी सहज विचारलं, "मॅच लागलीये का हो?"

"केबल गेलीये सर सकाळपासून," मेहुलने तोंड वरही न करता ठोकून दिलं.

बाबा लग्नातला पांढरा शर्ट घालून सोफ्याच्या अगदी कडेला बसले होते. माझे बाबा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी आहेत. आयुष्यात खोटं बोललेले मी ऐकले नाहीत, कारण मुळात ते बोलतच नाहीत.

"बोट तुमची स्वतःची?" मॅडमनी विचारलं.

बाबांनी आईकडे बघितलं.

"आमचीच," आई म्हणाली. "एक हाय, दुसरीचं चाललंय."

"आणि हे दागिने! काय सुंदर आहेत! जुने दिसतात. तुमचेच?"

"आमचंच. माज्या सासूचं. हेमालीला देनार लग्नात."

दारात साखरबाई उभी होती. तिचाच हार. सत्तरीची बाई, तोंडात एकही दात नाही. ती पुढे झाली आणि ठासून म्हणाली, "हिच्या सासूचं, हो! मी सोता बघितलंय तिच्या गळ्यात." मागच्या बायकांनी माना डोलवल्या. कोणी तोंड दाबून हसलं नाही, कोणी कोणाला कोपर मारलं नाही. आळीने एकजात खोटं बोलून माझी बाजू उचलून धरली होती.

भाग्येश सर टॅबवर लिहीत होते. मला दिसत होतं ते काय लिहीत असतील.

तेव्हा बोलायला हवं होतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. एक वाक्य पुरलं असतं. मॅडम, हे आमचं नाही. पण ते वाक्य कुठे बोलायचं? आई ओवाळणीचं ताट हातात धरून उभी, सगळी आळी दारात, बाबा शर्टाचं बटण चाचपताहेत. ते वाक्य म्हणजे आईला भर आळीत उघडं करणं. केळव्याची माणसं निदान परकी तरी होती. मी तिच्या पोटची. मी गप्प बसले. मनाची समजूत घातली की मॅडम शहाण्या आहेत, दाखला त्यांच्याजवळ आहे, इंटरव्ह्यू चांगला झालाय, त्या समजून घेतील.

मग पानं वाढली. पापलेट तळलेलं, कोळंबीचं कालवण, आणि शेवंड. शेवंड, म्हणजे लॉब्स्टर, आम्ही घरी सहसा खात नाही, ती सरळ विकायला जाते. तांदळाच्या भाकऱ्या गरमगरम येत होत्या. मॅडमनी दोनदा कालवण घेतलं, बोटं चाटली, म्हणाल्या, "मुंबईच्या हॉटेलात हे कुठलं मिळायला!" निघताना सुक्या बोंबलांचा पुडा आईने त्यांच्या पिशवीत कोंबला. मॅडम "अहो नको नको" म्हणाल्या आणि पिशवीचं तोंड मोठं केलं.

गाडी गेली. आईने पदराने घाम पुसला आणि आळीकडे बघून म्हणाली, "पानी तर पानी, दोनदा कालवन घेतलं!" बायका हसल्या. मग एकेक दागिना उतरवून ज्याचा त्याला देताना ती किती खुशीत होती ते मी सांगू शकत नाही.

निकाल ईमेलवर आला. खेद वाटतो वगैरे. प्रियदर्शिनीची निवड झाली होती.

मी सोसायटीच्या ऑफिसमागे जाऊन मॅडमना फोन केला. त्यांनी ओळखलं, अगदी आपुलकीने बोलल्या. "हेमाली, तुझा इंटरव्ह्यू खरं सांगू का, सगळ्यात चांगला होता. सर अजून तुझं नाव काढतात. पण बाळा, आम्हाला परिस्थिती बघावी लागते. तुमची स्वतःची बोट आहे, दुसरी होतेय, एवढं सोनं आहे. तुझे आईवडील तुला कुठेही शिकवू शकतील. ती जागा खऱ्या गरजू मुलीला मिळायला हवी ना?"

माझा तोल गेला. मी सगळं सांगून टाकलं. सोनं साखरबाईचं आणि आळीचं, सोफा मंजुळाकाकूंचा, टीव्हीची वायर कुठे लावलेलीच नव्हती, बोट बाबांची नाही, बाबा खलाशी आहेत, तुम्ही खाल्लीत ती शेवंड मी जन्मात दोनदा खाल्लीये. भडाभडा बोलले. बोलताना रडतही असेन.

मॅडम म्हणाल्या, आणि आता आवाजातलं ते बाळा-बिळा गेलेलं, "म्हणजे तुम्ही समितीला खोटं सांगितलंत?"

"मॅडम, ते खोटं तसं नव्हतं..."

"तू तिथेच होतीस. मी स्पष्ट विचारलं. तू का नाही बोललीस?"

"आई समोर होती."

"हे बघ हेमाली. प्रामाणिकपणा हा आमच्या कार्यक्रमाचा पाया आहे. आधी फक्त गरजेचा प्रश्न होता. आता हा प्रश्न आला. मी हे कोणाला सांगत नाही, तुझ्याच भल्यासाठी. पण विषय इथेच संपला."

संपला. प्रियदर्शिनीचं खोटं बोलून काम झालं आणि माझं खरं बोलून होतं ते गेलं. सोंग दोघींच्याही घरांनी आणलं होतं. माझ्या आईने फक्त उलट्या बाजूचं आणलं. तिने स्वतःला मोठं दाखवलं, आणि मोठ्या माणसांना छोटं झालेलं आवडतं हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

घरी आले. आई मासे साफ करत होती. "काय झालं?"

मी तिच्या हातांकडे बघत राहिले. सांगावं, वाटलं. तुझ्यामुळे झालं, तुझ्या त्या हिरव्या साडीमुळे, तुझ्या त्या "आमचंच"मुळे. अगदी जिभेवर आलं होतं.

"मार्क कमी पडले," मी म्हटलं.

आई कोयता खाली ठेवून म्हणाली, "बोलत होते मी. तो मोबाइल ठेव बाजूला, बोलत होते का नाय? जरा अजून अभ्यास केला असता तर काय हाडं झिजली असती तुजी? लोकांनी अंगावरचं काढून दिलं तुज्यासाठी!"

सुलूमावशी दारातून म्हणाली, "पावने तर खूश होऊन गेले. पोरीनंच घान केली."

मी ऐकून घेतलं. दात आवळून ऐकून घेतलं. ते वाक्य एकदा बोलून टाकलं असतं तर मावशीचं तोंड बंद झालं असतं, पण आईचंही कायमचं बंद झालं असतं. तिने पुन्हा कधी कोणासमोर मान वर केली नसती.

प्रियदर्शिनी पेढे घेऊन आली. मी घेतला नाही. तिला म्हटलं, "त्या लुंग्या कोणाच्या होत्या गं?" तिचं तोंड उतरलं. म्हणाली, "मी तुला सांगितलं होतं ना, साधं ठेव म्हणून." सांगितलं होतं. खरंच आहे. तिच्याशी मी तेव्हापासून बोलत नाही, आणि मला तिची रोज आठवण येते.

मी पालघरच्या कॉलेजला नाव घातलं. सकाळी आईची पाटी रिक्षात चढवून देते आणि मग जाते. तिथलेही सर फळ्यावर अर्ध्यात थांबतात.

आणि मग परवा, या थंडीत, अर्चना मॅडमचा मेसेज आला. "हेमाली, कशी आहेस? आम्ही मैत्रिणी शनिवारी केळव्याला येतोय. तुझ्या आईच्या हातची चव अजून विसरले नाही. रविवारी दुपारी तुमच्याकडे जेवायला आलो तर चालेल का? अर्थात पैसे देऊ. ते बोंबीलही हवेत."

मी तो मेसेज सरळ पुसणार होते. पण आईने माझं तोंड बघून विचारलं, "कोन?" आणि मी मूर्ख, नाव सांगून बसले. म्हटलं, रविवारी जेवायला येतो म्हणतात. पैशांचं सांगितलं नाही. ते ऐकून तिला अपमान वाटला असता, तिने त्यांना दारातूनच परत पाठवलं असतं, आणि मग त्या खरंच कशाला येतायत ते, म्हणजे सगळंच, सांगावं लागलं असतं.

आई उठून उभी राहिली. चेहरा असा उजळला की बघवेना. "परत येतात? सोताहून?"

"जेवायला येतात, आई. नुसतं जेवायला."

"नुसतं जेवायला कोनी एवढ्या लांब येतं? त्यांच्या मनात हाय अजून. एक डाव नाय बोलले म्हंजे काय झालं? सोयरिकीत पन असंच असतं. पुन्यांदा बघायला येतात." आणि चपला न घालताच ती साखरबाईकडे निघाली.

मी तिच्या मागे दारापर्यंत गेले. हाक मारायला तोंड उघडलं. आळीत ओरडून सांगणं काही कठीण नव्हतं. पण मेहुल टीव्ही पुसताना दिसला, मंजुळाकाकू सोफ्यावरची चादर झटकत होत्या, म्हणजे बातमी भिंतीतूनच, तिच्या आधी पोचली होती. मी तोंड मिटलं.

आज रविवार. शेवंड आली आहे, बाबांनी कुठून मिळवली कोण जाणे. ते पांढरा शर्ट घालून सोफ्याच्या कडेला बसले आहेत. मॅडमचा फोन येऊन गेला, गाडी केळव्याहून निघाली.

आई हिरव्या साडीत आतल्या खोलीत माझ्यासमोर येऊन उभी राहिली. साखरबाईचा पोहेहार गळ्यात घातलेला, दोन्ही टोकं मानेमागे हाताने धरलेली.

"या येळेला नीट बोल त्यांच्याशी," ती म्हणाली. "मागल्या येळी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीस, म्हनून गेलं. दोन शब्द बोलली असतीस तर झालं असतं काम."

मी तिच्याकडे बघितलं. हो, आई. अगदी दोनच शब्द.

तिने पाठ वळवली, गजरा बाजूला केला आणि मान पुढे वाकवली. "आकडा लाव. माजा हात पोचत नाय."

मी आकडा लावला.